रुखमाबाईला भेटायला आलेली माणसं

रुखमाबाईने डोळे उघडले तर खाटेभोवती ही गर्दी! कुणाचं लग्नच आहे की काय, असं तिला वाटलं. पण बरेचजण पांढऱ्या कपड्यांत होते. कित्येक वर्षं अबोला धरलेली नणंद होती. उशाशी एकुलता एक लेक इंद्रजित, थेट पुण्याहून आलेला, रडून डोळे सुजलेले.

"काहून जमले बापा सारे?" बोलताना तिच्या छातीत कळ आली.

शेवटी शेजारच्या बबिताने सांगितलं. परवा सांजेला नाल्यावर धुणं धुताना रुखमाबाई पाण्यात पडली आणि डिसेंबरच्या गारठ्यात रात्रभर ओल्या लुगड्यात काठाशी पडून राहिली. फुलसावंगीत एकटीच राहणारी बाई. आली नाही म्हणून शोधणार कोण? काल सकाळी सापडली ती पार लाकूड झालेली. बबिताने तिथूनच इंद्रजितला फोन लावला, "माय गेली." मग सगळीकडे फोन गेले.

मृत्यूच्या दाखल्यापुरतं इथं दवाखान्यात आणलं, तर डॉक्टर सुरभींना ठोके लागले, आणि त्यांच्यादेखतच थांबले. "गार पडलेला माणूस गरम केल्याशिवाय मेला म्हणायचं नाही," म्हणत त्यांनी कोमट सलाईन लावलं, ब्लँकेटं गुंडाळली, आणि आळीपाळीने छाती दाबत राहिले सगळे. दुपारी ठोके परत आले, शुद्ध मात्र आज आली. बरगड्या दुखत होत्या त्या त्यामुळे.

हे ऐकून रुखमाबाईला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि त्याची तिला लाजही वाटली. एवढी माणसं! नणंद हात चोळत होती. आता इंद्रजित म्हणेल, "माय, चाल माह्यासंग." एवढं एकच तिला ऐकायचं होतं.

पण मयतीला आलेली माणसं हलता हलत नाहीत, आणि मेलेलं माणूस उठून बसलं की सगळ्यांना गाडीची वेळ आठवते. कुणाची कापूसवेचणी खोळंबली होती, कुणाची गुरं. उन्हं कलली तेव्हा इंद्रजित तेवढा उरला. तो खाटेच्या पायथ्याशी येऊन बसला.

"माय, सायबाले म्या सांगतलं होतं का तू... आता तू बरी हायस, तं..."

"तं सुटी भेटत नाही," तिनेच वाक्य पुरं केलं.

"खोली बी लहान हाय तिथं. उन्हाळ्यात पाहू मंग."

लेकाचं ओशाळलेलं तोंड तिला बघवेना.

"जाय बापा. अन् पुढच्या टायमाले डॉक्टरीणबाईले पुसल्याबिगर निघू नोको. फुकटची खेप पडते तुले."

तो हसला, सुटल्यासारखा. पाया पडला, पिशवी उचलली आणि गेला.

दिवेलागणीला डॉक्टर सुरभी आल्या. अंगाला हात लावून म्हणाल्या, "छान गरम आहे आता. पण आजी, पाय असे पोटाशी का घेतलेत? थंडी वाजतेय? पसरा की."

"राहू द्या बाई," रुखमाबाई म्हणाली. "तिथं माह्यं पोरगं बसलं होतं."