झाकणावरची डॉक्टर

मित्रांनो, माझ्यावर बसायचं असेल तर खुशाल बसा. फक्त आधी माझं कुलूप जरा बाजूला सारा, नाहीतर टोचेल. मी ओडुमच्या लाकडाची शिधापेटी आहे. माझं वय आता बेचाळीस. होहोए गावच्या अग्बेको सुताराने मला घडवलं, कोपऱ्यांना पत्रा ठोकला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हिला वाळवी शिवणार नाही." वाळवीने खरोखरच शिवलं नाही. उंदरांनी मात्र खूप प्रयत्न करून पाहिले.

आमच्याकडे मूल वसतिगृहाच्या शाळेला निघालं की त्याच्याबरोबर दोन पेट्या निघतात. कपड्यांची पत्र्याची आणि खाण्याची लाकडाची. मी खाण्याची. माझ्या पोटात गारी असायची, म्हणजे कसावा नावाच्या कंदाचा भाजलेला रवा. शिवाय साखर, शेंगदाणे आणि शितोची बरणी. शितो म्हणजे मिरची आणि सुकटीची काळी चटणी. तिचा वास अजून माझ्या फळ्यांतून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

मला एक खोड आहे. मला सगळं जाणून घ्यायचं असतं. माणसं उभ्याने बोलतात ते वरवरचं असतं आणि बसून बोलतात ते खरं, असा माझा अनुभव आहे. वसतिगृहात खुर्च्या थोड्या, त्यामुळे बसायला मीच. अशी किती गुपितं मी पोटात ठेवली आहेत, विचारू नका. त्यातलं एक मात्र आज सांगते, कारण ते ज्याचं होतं त्यानेच ते उघड केलं.

माझा पहिला मालक कोजो. शाळा संपवून तो मला घेऊन विद्यापीठात गेला, तेव्हा त्याला अर्थशास्त्र घ्यायचं होतं. निदान घरी तरी तसं सांगितलं होतं. नाव नोंदवायला अर्थशास्त्राच्या टेबलापुढे ही भली मोठी रांग, आणि डोक्यावर ऊन. कोजोला भूक लागली. त्याने मला ओढत एका झाडाच्या सावलीत नेलं, माझ्यावर बसला, गारीत पाणी आणि साखर कालवली आणि शांतपणे खाऊ लागला. त्या सावलीत भूगोलवाल्यांचं टेबल होतं. तिथल्या बाई म्हणा, साहेब म्हणा, कुणीतरी वर न बघताच विचारलं, "नाव?" कोजोने तोंडातला घास गिळून नाव सांगितलं. संपलं. पुढे तो भूगोलाचा मोठा शिक्षक झाला, राजधानीत घर बांधलं, आणि गावात सगळे म्हणू लागले, बघा, पोराला पहिल्यापासून ठाऊक होतं काय करायचं ते. मी गप्प होते. पेटीला तोंड असतं, पण बोलायला नाही.

मग मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे आले. तिचं नाव यावा. तिला नर्स व्हायचं होतं, आणि तिच्या मनात त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पण तिसऱ्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि तिला शाळा सोडून घरी यावं लागलं. तिने आईची पावाची भट्टी चालवायला घेतली. मी भट्टीशेजारी पडून राहिले. माझ्यात पिठाची पोती ठेवली, मग रिकामी पोती, आणि एका वर्षी तर एका कोंबडीने माझ्यात पिल्लं काढली. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. मला वाईट वाटायचं.

यावाची मुलगी अकोफा मोठ्या शाळेत निघाली तेव्हा मला पुन्हा घासूनपुसून काढलं. अकोफा माझी तिसरी आणि लाडकी मालकीण. तिला प्रश्न फार पडतात, आणि तो गुण मला माझ्या जवळचा वाटतो. तीन वर्षांनी ती चांगल्या गुणांनी पास होऊन मला घेऊन परत आली, आणि तिथून ही गोष्ट सुरू होते.

विद्यापीठाचा अर्ज भरताना तिला काय शिकायचं ते ठरत नव्हतं. दोन नावं तिने मैत्रिणींचं बघून भरली. तिसरा रकाना भरल्याशिवाय संगणकाचं पान पुढे सरकेना, म्हणून समोर दिसेल ते टाकलं. ते होतं मृदाशास्त्र. आणि पत्र आलं ते नेमकं त्याचंच. होकार कळवायला दोन आठवड्यांची मुदत होती.

"माती?" यावा म्हणाली. "माती शिकायला विद्यापीठ कशाला लागतं?"

"ते मलाही माहीत नाही, आई. जायचं की नाही तेच कळत नाहीये."

"विज्ञानच ना ते? मग झालं तर."

यावाने चर्चच्या चिटणिसांना, अग्बोजांना, चिठ्ठी लिहून दिली की माझ्या मुलीला विद्यापीठात विज्ञानाला प्रवेश मिळाला आहे, रविवारी देवाचे आभार मानायचे आहेत. अग्बोजांना चिठ्ठ्या वाचताना पदरचं चार शब्द घालायची सवय. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "आपली अकोफा डॉक्टर होणार!" ढोल वाजले. बायका पांढरे रुमाल हलवत नाचत पुढे आल्या. यावाला चूक कळली होती. तिने ती दुरुस्त केली नाही. तीही रुमाल काढून नाचली.

झालं. सोमवारपासून गावात अकोफाचं नाव डॉक्टर. अफी आजी गुडघा दाखवायला आली. शेजारच्या माणसाला छातीत जळजळतं, त्याने तिला रस्त्यातच गाठलं. अकोफा बिचारी सगळ्यांना सांगायची, मी डॉक्टर नाही. त्यावर उत्तर ठरलेलं, "अजून नाहीस गं, होशील की."

मंगळवारी यावाने माझ्या झाकणावर नाव रंगवायला पाट्या रंगवणाऱ्याला बोलावलं. तिने फक्त नाव सांगितलं होतं. पण हा गडीही त्याच चर्चचा. त्याने मोठ्या प्रेमाने, जादा रंग स्वतःच्या पदरचा घालून, नावाआधी पिवळ्या ठळक अक्षरांत 'डॉ.' काढलं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, ते बाशिंग त्या दिवशी माझ्या कपाळी बांधलं गेलं. यावाने ते पाहिलं. दोन पावलं मागे गेली, पुन्हा पाहिलं आणि पीठ मळायला गेली. मला वाटलं, आता ही त्याला पुसायला सांगेल. तिने सांगितलं नाही.

अकोफा त्या दिवशी माझ्यावर बसली नाही. समोर जमिनीवर बसून ती झाकणाकडे बघत राहिली. मला तिची फार दया आली. नाही जावं तर आईचं हसू होणार, जावं तर खोट्या नावाने जावं लागणार, आणि मुळात जायचंय की नाही हे तिला शांतपणे विचार करून ठरवायला कुणी जागाच ठेवली नव्हती.

शनिवारी कोजोमामा राजधानीहून आले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये निरोपाची प्रार्थना होती आणि सोमवारी मुदत संपत होती. भट्टीचं लिंपण झिजलं होतं, म्हणून अकोफा वारुळाची माती कालवत होती. आमच्याकडे भट्टी वारुळाच्याच मातीने लिंपतात. मला त्या मातीचं नाव काढलं तरी कापरं भरतं, कारण वारूळ म्हणजे वाळवीचं माहेर. मामा माझ्यावर ऐसपैस बसले.

"मामा, ही माती तापून फुटत नाही. शेतातली फुटते. असं का?"

"असेल काहीतरी तिच्यात."

"काय असेल पण?"

"मला नाही ठाऊक बाई. मी नद्या आणि डोंगर शिकवतो."

"माती शिकवतात तिथे हे शिकवत असतील?"

"शिकवत असतील. तू आधी जायचं तर ठरव. माणसाने एकदा ठरवलं की ठरवलं."

"तुम्हाला कधी कळलं, मामा? भूगोलच घ्यायचा म्हणून?"

मामांनी घसा साफ केला. "लहानपणापासूनच. मला नद्यांचा नाद होता."

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्या करकरल्या. मामांना वाटलं त्यांच्या वजनाने करकरल्या. पण त्यांनी नकळत माझ्या फळीवरून हात फिरवला आणि तो हात तिथेच थांबला. अकोफाने मान खाली घातली. "मला तर कशाचाच नाद नाही," ती म्हणाली. "म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार." मामा उठून आत गेले. रात्री ते फारसे जेवले नाहीत असं यावा म्हणत होती.

रविवारी अकोफाने मला डोक्यावर घेतलं. शिकायला निघालेल्या मुलांच्या पेट्या पुढे मांडून प्रार्थना करायची, अशी आमच्या चर्चची रीत आहे. माझ्या झाकणावरचं पिवळं 'डॉ.' शेवटच्या बाकापर्यंत दिसत होतं. पास्टरने हसून विचारलं, "डॉक्टरीणबाई, दोन शब्द बोला."

अकोफाने त्या पिवळ्या अक्षरांवर हात ठेवला. मग ती बोलली.

"मी डॉक्टर होणार नाहीये. मला मातीच्या शास्त्राला प्रवेश मिळालाय. तोही रकाना भरायचा म्हणून भरला होता. जायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि पुढे काय व्हायचंय ते मला माहीत नाही."

यावा पहिल्या रांगेत होती. तिने रुमाल पर्समध्ये ठेवून दिला.

मागून अफी आजी म्हणाली, "मग माझ्या गुडघ्याचं औषध दिलंस ते?"

"आजी, मी औषध दिलं नाही. गरम पाण्याने शेका म्हटलं."

"शेकला. बरा आहे की आता."

लोक हसले. पण अग्बोजा उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "अहो, पण आम्ही देवाचे आभार मानून बसलो त्याचं काय? ते आता परत घ्यायचे का?"

तेवढ्यात कोजोमामा उठले. ते पुढे आले आणि सगळ्यांसमोर माझ्यावर बसले. मी म्हटलं ना, बसून बोलतात ते खरं असतं.

"तुम्ही गेली तीस वर्षं माझं उदाहरण देताय," ते म्हणाले. "मी अर्थशास्त्राच्या रांगेत होतो. भूक लागली म्हणून सावलीत याच पेटीवर गारी खायला बसलो, आणि त्या टेबलावरच्या माणसाने माझं नाव लिहून घेतलं. ते टेबल भूगोलाचं होतं. बस, एवढंच मला ठाऊक होतं. पहिली दोन वर्षं मी रोज पस्तावलो. तिसऱ्या वर्षी आवडायला लागलं. आवडलं नसतं तर काय केलं असतं, देव जाणे. काल हिने मला विचारलं, आणि मी तोंडावर खोटं बोललो. पोरगी म्हणाली, माझ्यातच काही कमी असणार. ते ऐकून मला झोप लागली नाही."

पास्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. साधी प्रार्थना होती. मुलीला वाट दिसू दे, आणि दिसेपर्यंत आम्हाला धीर दे. 'आमेन' सगळ्यात मोठ्याने अग्बोजा म्हणाले.

आम्ही घरी आलो. अकोफाने मला अंगणात ठेवलं आणि उभी राहिली. यावा भट्टीकडे गेली. भट्टीतली राख खरवडायची लोखंडी पट्टी घेऊन आली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून तिने 'डॉ.' खरवडायला सुरुवात केली. फार दुखलं. पण मी हूं की चूं केलं नाही, कारण तिचे डोळे भरले होते.

"आई, राहू दे. मी करते."

"नको. काढायचं मीच." ती खरवडत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "मी तुला डॉक्टर म्हणत नव्हते गं. मला डॉक्टरची आई म्हणवून घ्यायचं होतं. एकदा तरी दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या कपड्यांजवळ जायचं होतं. तुझ्या नावाने का होईना."

अकोफा तिच्याशेजारी बसली. मग ती म्हणाली, "आई, मी जाते. वारुळाची माती का फुटत नाही हे तिथे कुणाला तरी माहीत असेल. माहीत नसेल तर त्यांना विचारत बसेन. एक वर्ष बघते. नाही जमलं तर परत येईन, आणि तसं चर्चमध्ये सांगेन."

"परत आलीस तर?"

"भट्टी आहे की."

"भट्टीपाशी नुसतं बसायला जागा नाही हं. पीठ मळावं लागेल."

"मळेन."

यावाने पट्टी खाली ठेवली आणि अंगावरच्या कापडाच्या टोकाने माझ्यावरचा पिवळा भुगा पुसला. "मग उद्या सकाळी आधी होकार कळव," ती म्हणाली. "आणि तिथे तुला कुणी विचारलं, पुढे काय होणार, तर घाबरू नकोस. माहीत नाही म्हण. मला पुष्कळ माहीत होतं, त्याने काय झालं?"

आता मी विद्यापीठाच्या वसतिगृहात पलंगाशेजारी आहे. माझ्यात गारी आहे, नवी शितो आहे, आणि तीन वेगवेगळ्या मातींच्या पुड्या आहेत, ज्यामुळे साखरेत खडे लागतात. अकोफाचं अजून काही ठरलेलं नाही. परवा एक पोरगी माझ्यावर बसून तिला हळूच म्हणाली, "मलाही माहीत नाही गं, मी का आले. कुणाला सांगू नकोस." काल दुसरी आली. मी कान देऊन ऐकते आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातून कुणी पेटी घेऊन निघालं तर तिला कोरड्यात ठेवा, उंदरांपासून जपा, आणि झाकणावर त्याचं नाव हौसेने रंगवा. नावाआधीची जागा मात्र मोकळी सोडा. तिथे काय लिहायचं ते ज्याचं तो ठरवील. आपण घाईने लिहिलेलं पुढे कुणाच्या तरी आईला खरवडावं लागतं, आणि तेव्हा एकटं लाकूडच दुखत नाही.