मेणकागद विसरला तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे. बाइंडर पुस्तकाला लेई, म्हणजे खळ, लावतो आणि ती वाळेपर्यंत पुस्तक ज्यात दाबून ठेवतो, ते लोखंडी यंत्र म्हणजे मी. माझी गोष्ट खरे तर जन्मापासून सांगायला हवी. पण मला राहून राहून एक पत्रच आठवते. माझ्या मालकांनी त्या पत्राला एकतीस वर्षे उत्तर दिले नाही. त्यात थोडा दोष माझाही होता, असे मला अजून वाटते.

माझा जन्म ओतशाळेत झाला. खाली एक जड पाट, वर एक पाट, मधे आटे पाडलेला दांडा आणि त्यावर चाक. चाक फिरवले की वरचा पाट खाली येतो आणि मी धरून ठेवतो. एवढेच माझे कौशल्य. मालकांनी मला पहिल्यांदा पुसले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. दुकान रस्त्याला लागून, घर वरच्या मजल्यावर, आणि खिडकीसमोर रस्त्यापलीकडे लाल टपालपेटी. मालक फार कमी बोलत. त्यांची थोरली बहीण त्यांना घुम्याच म्हणे. लोक मात्र कामाचे कौतुक करीत. "यांनी बांधलेल्या पुस्तकाचं पान सुटलं तर मी वकिली सोडीन," असे एक वकील सांगत. ते ऐकून मी मनात फुगत असे.

दर शनिवारी शाळेतले भूगोलाचे सर फाटके नकाशे घेऊन येत.

"कारागीर, बघा पोरांचे प्रताप. समुद्राला भोक पाडलंय."

"बुजवतो," मालक म्हणत.

"दाबात किती वेळ?"

"लेई वाळेपर्यंत. उद्या न्या."

"मग बसतो तोवर," म्हणत सर खरोखरच स्टूल ओढून बसत.

शनिवारी मालक नेमाने दाढी करून खाली येत, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आले नसेल. एकदा सरांनी माझे चाक फिरवून पाहिले. मालकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "जोर नको. पुस्तकाची पाठ मोडते." चाक थांबले, तरी तो हात थोडा वेळ तिथेच राहिला. दोघेही चाकाकडेच बघत होते. ते दिवस आठवले की अजून माझ्या आट्यांना तेल घातल्यासारखे वाटते.

मग सरांची बदली झाली. जाताना ते स्वतःचा मोठा नकाशासंग्रह बांधायला ठेवून गेले. आठवड्याने मालक त्याला आतून कोरा कागद चिकटवत होते, तेवढ्यात पोस्टमनने पत्र टाकले. मालकांनी ते उभ्यानेच वाचले, आणि हलक्या आवाजात पुन्हा वाचले, म्हणून मला ते पाठ आहे. "नकाशे न्यायला मी येणार नाही. तुम्ही घेऊन यावेत, आणि आलात की राहावे, अशी इच्छा आहे. इथे दोन खोल्या मिळाल्या आहेत, एकट्याला जास्त होतात. यायचे नसेल तर तेवढे तरी कळवा." वर पत्ता होता.

जिन्यात मालकांच्या आईची पावले वाजली. "कुणाचं रे पत्र?"

"गिऱ्हाईकाचं," मालक म्हणाले. त्यांनी पत्र त्याच नकाशासंग्रहात सारले, तो माझ्यात ठेवला आणि चाक आवळले. ओल्या कागदावर मेणकागद ठेवायचा, नाहीतर वरचे सगळे चिकटते, हे ते शिकाऊ मुलांना शंभरदा बजावत. त्या दिवशी स्वतःच विसरले.

सकाळी पाहिले, तर पत्र पालथे चिकटून बसले होते. ओल्या फडक्याने ते सोडवणे मालकांना अवघड नव्हते. पण त्यांनी त्यावर दुसरा कागद डकवला आणि नकाशासंग्रह वरच्या फळीवर ढकलला. मित्रांनो, काही पुरुषांचे मन पुरुषावर जडते. मालकांचे तसे होते. त्यात लपवण्यासारखे काही नाही, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. शिवाय आपल्यासारख्याची कोणी खरोखर वाट पाहील, यावरही त्यांचा विश्वास बसेना.

वर्षे गेली. आई गेली. पुस्तके यायची कमी झाली, माझ्या चाकावर गंज चढला. यंदा मालकांनी दुकान बंद करायचे आणि मला भंगारात द्यायचे ठरवले. आवराआवरीला बहीण आली. फळी पुसताना तिच्या हाती ते जाडजूड पुस्तक लागले.

"हे कुणाचं रे? तू तर कुणाचं पुस्तक एक दिवसही जास्त ठेवून घेत नाहीस."

मालक लेईचे भांडे घासत होते. ते बराच वेळ घासत राहिले. मग मागे न वळता म्हणाले, "ताई, भूगोलाचे सर यायचे ना, ते मला आवडायचे. लग्न करतात तसे."

ती स्टुलावर बसली. तेच स्टूल. "म्हणून आईनं दाखवलेले मुलींचे फोटो तू पुस्तकात खूण म्हणून घालायचास होय?"

"जाड कागद असायचा."

ती हसली, मग डोळे पुसले. "मला का नाही सांगितलंस?"

"तू यायची बंद झाली असतीस तर?"

"इतकी वर्षं तुझा बिनसाखरेचा चहा पिऊन आले, तेव्हा नाही बंद झाले."

त्यानंतर मालकांनी धीर करून वकिलांनाही सांगितले. ते आता खूप म्हातारे झाले होते. "बरं," वकील म्हणाले, "आणि माझा ग्रंथ कधी देताय?" त्या दिवशी मालकांनी माझे चाक तेल लावून पुसले. मला भंगारात देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मग त्यांनी ओले फडके घेतले. कागद भिजवला, वरचा थर उचलला आणि पत्र कडेकडेने सोडवले. बॉलपेनची शाई होती म्हणून अक्षर टिकले होते. बहिणीने पत्त्यातल्या गावच्या शाळेत फोन लावला. सर निवृत्त झाले होते, त्याच पत्त्यावर एकटेच राहत होते. "स्वभाव तिखट झालाय हं," असे तिथल्या कारकुनाने बजावले.

उत्तर लिहिता लिहिता मालकांनी सात कागद फाडले. "त्यांनी रागावून परत पाठवलं तर?"

"तर कळेल. इतकी वर्षं त्यांना काहीच कळलं नाही, त्याचं काय?"

आठव्या कागदावर त्यांनी लिहिले आणि ताईला वाचून दाखवले. "आपला नकाशासंग्रह बांधून तयार आहे. त्यातले दोन-तीन देश आता राहिले नाहीत. उशिराबद्दल क्षमा मागायला शब्द नाहीत. मी घेऊन आलो तर चालेल का? यायचे नसेल तर तेवढे कळवा, असे आपण लिहिले होते. मला यायचे आहे."

मित्रांनो, पुस्तके उघडी उपडी टाकू नका, त्यांची पाठ मोडते. आणि कोणी धीर करून मनातले तुम्हाला सांगितले, तर हो म्हणा, नाही म्हणा, पण ताटकळत ठेवू नका. मी जन्मभर धरून ठेवण्याचे काम केले. पण लेई वाळल्यावर चाक सैल करावेच लागते, नाहीतर पुस्तक वाचणार कोण?

काल सकाळी खिडकीतून मी पाहिले. मालक दाढी करून रस्ता ओलांडून गेले. पाकीट पेटीच्या फटीत अर्धे गेले आणि तिथेच थांबले. बोटे त्याला धरून होती, घट्ट, अगदी माझ्यासारखी.

दुकानाच्या दारातून बहीण म्हणाली, "सोड आता, घुम्या."

मालकांनी बोटे उघडली.