वायमंडच्या धनुष्याची कबुली

मी एक जुनं धनुष्य आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझी कहाणी सांगताना मला लाज वाटते. पराक्रम ऐकायला बसला असाल तर तोही थोडाफार आहे. पण त्यावर टाळ्या वाजवू नका.

माणसाच्या डोक्याच्या वर पोहोचणारी आमची ही लांब जात वेल्सच्या डोंगरांत नावारूपाला आली. तिथले माझे पूर्वज एल्मच्या लाकडाचे, ओबडधोबड, ना रंग ना रूप. इंग्रजांनी आधी त्यांचा मार खाल्ला आणि मग शहाण्यासारखं त्यांनाच आपलंसं केलं. मी मात्र यू नावाच्या झाडाचा. ओस्बर्ट या कारागिराने माझं लाकूड चार वर्षं सावलीत वाळवलं. या झाडाचा आतला तांबूस गाभा दाब सोसतो आणि बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं. एकाच फळीत दोन्ही साधलं तर धनुष्य, नाही तर चुलीत. ओस्बर्टने मला तासलं, टोकांना शिंगाच्या खोबणी बसवल्या, मेण चोळलं आणि वायमंडच्या हाती दिलं.

वायमंड आमच्या गावातली छपरं शाकारायचा. खांदे बैलासारखे आणि जीभ गोड. लहानपणापासून दर वर्षी थोडं जास्त जड धनुष्य ओढत तो माझ्यापर्यंत पोहोचला होता. मला घेऊन तो फ्रान्सच्या लढाईला गेला. तिथे हुकूम झाला की हजारो बाण एकदम आभाळात जायचे आणि लांब कुठेतरी घोडे कोसळायचे. चेहरे आम्हाला दिसत नसत. परत आल्यावर गावाने वायमंडला बिअर पाजली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फुशारून गेलो.

राजाचा कायदा होता की दर रविवारी प्रार्थना आटोपली की पुरुषांनी नेमबाजीचा सराव करायचा. गावाबाहेरच्या कुरणात, दोनशे पावलांवर मातीचा उंचवटा होता, त्यावर बाण मारायचे. या सरावाचा एकच नियम, पण तो कडक. बाण सोडणाऱ्याने आधी "थांबा!" असं ओरडायचं. ते ऐकलं की कुरणातल्या प्रत्येकाने जिथे असेल तिथेच उभं राहायचं. हाक आधीच द्यावी लागते. माझी दोरी एकदा कानापर्यंत आली की कुणालाही मला धरून ठेवता येत नाही आणि तोंडातून शब्दही फुटत नाही.

त्या रविवारी वायमंडचे दोन बाण आखूड पडले. त्याचा जिवलग दोस्त हॅमो, गावचा पाथरवट, आपले बाण उपटून आणायला कुरणाच्या कडेकडेने चालला होता. जाता जाता तो मागे वळून ओरडला, "काय रे वायमंड, फ्रान्सहून धनुष्य आणलंस की मेंढरं हाकायची काठी?"

"काठीच आहे! आण तुझी मेंढरं!" कुणीतरी मागून म्हणालं.

"तिचा बाण जिथे पडलाय, तिथवर माझी सासू थुंकते लेका!" हॅमो म्हणाला.

सगळं कुरण खदखदून हसलं. वायमंडचे कान लाल झाले. त्याने बाण चढवला, अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला आणि मला ओढलं. तो ओरडला नाही. रागाच्या भरात विसरला. आणि मी? मला त्या क्षणी फक्त काठी नसल्याचं सिद्ध करायचं होतं. सुटलो तेव्हा मला आनंद झाला. हे सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. हाक ऐकली असती तर हॅमो कडेलाच थांबला असता. ती आलीच नाही म्हणून तो निर्धास्त उंचवट्यासमोर आला आणि बाण त्याच्या मानेत शिरला.

संध्याकाळच्या आत तो गेला.

दोन दिवसांनी राजाचा अधिकारी तपासाला आला. त्याने गावकऱ्यांना विचारलं, "हा ओरडला होता का?"

"साहेब, वायमंड ओरडल्याशिवाय बाण सोडतच नाही," लोहार म्हणाला. "गावात सगळ्यात शिस्तीचा तोच."

"मी ते विचारत नाही. त्या दिवशी ऐकलंत का?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. आपण हसत होतो, म्हणून ऐकू आलं नसेल, असं प्रत्येकाला वाटलं. "ऐकलंच की," एक जण म्हणाला, आणि मग सगळ्यांनीच माना हलवल्या. वायमंड खाली बघत राहिला. ज्या वस्तूने जीव जातो ती जप्त करायची, असा तिथला कायदा. म्हणून बाण सरकारजमा झाला. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

पुढे काय झालं ते ऐका. दोष मेलेल्याच्या माथी बसला. हाक ऐकूनही चालत सुटला तो वेडा हॅमो! गावात पोरं हाकेला ओ देईनाशी झाली की आया करवादायच्या, "हॅमो झालास का रे?" हॅमोची बायको सिबली विहिरीवर हे ऐकायची आणि घागर उचलून निघायची.

वायमंडने मला पुन्हा ओढलं नाही. खांदा धरलाय म्हणून सांगायचा. मी भिंतीला टेकून वाकत गेलो.

बारा वर्षांनी सिबली त्याच्या दारात आली. केस पांढरे झाले होते.

"वायमंड, मी कुणाकडे तक्रार घेऊन जाणार नाही. एवढंच सांग. तू ओरडला होतास ना?"

वायमंडचे ओठ हलले. मी मनात म्हणत होतो, बोल, बाबा, आता तरी बोल.

"ओरडलो होतो," तो म्हणाला.

सिबलीने बाहीने डोळे पुसले. "मग चूक त्याचीच. इतकी वर्षं मी तुझ्याबद्दल मनात वाईट धरलं. माफ कर मला."

"असू दे, सिबली," वायमंड म्हणाला, आणि त्याने ती माफी ठेवून घेतली.

मित्रांनो, मला तेल लावा, वाळवीपासून जपा, असं काही मी मागणार नाही. पण तुमच्या हातून कुणाला इजा झाली आणि विचारायला कुणी दारात आलं, तर त्याला खरं सांगून परत पाठवा. सिबलीने वायमंडच्या दारात माफी मागितली, आणि मी भिंतीशी उभा राहून ती ऐकली. वायमंड ओरडला नव्हता. हॅमोचे कान चांगले होते.