पांझरेची वाट

माझे वडील, नाना, गेल्यावर महिनाभराने शाळेचे मुख्याध्यापक अभिमन सर घरी आले. ते नानांचेच विद्यार्थी. चहा झाल्यावर म्हणाले, "ताई, गुरुजींचा नकाशा सिमेंटचा करून टाकू. गवंडी बघून ठेवलाय. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी लगेच हो म्हटलं.

नकाशा म्हणजे शाळेमागच्या मोकळ्या जागेत मातीने केलेला खानदेश, बैलगाडीएवढा. दरवर्षी दिवाळीनंतर नाना पाचवीच्या मुलांना आमच्या सोनगीरच्या किल्ल्यावर पायी नेत आणि वरून दिसेल ते बघायला लावत. मग माती कालवायची. वर सातपुडा, मधून तापी, तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, बुराई. कोणाचं काय चुकलं ते नाना सांगत नसत. नकाशा वाळला की मुलं प्रत्येक नदीच्या उगमाशी तांब्याने पाणी ओतत. पाणी तापीत पोचलं तर बरोबर. मधेच अडलं, तर त्या जागी खरोखर काय आहे ते जाऊन बघून यायचं. पावसाळ्यात सगळं विरघळून जाई आणि पुढची पाचवी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

यंदाचा नकाशा वाळत होता आणि नानांनी अंथरूण धरलं.

मी जळगावला परतायच्या आदल्या दिवशी गवंडी आला. मार्चचे दिवस, सकाळची शाळा. सर येईपर्यंत मी नकाशापाशी उकिडवी बसले होते. सोनगीरच्या किल्ल्याच्या उगवतीकडच्या उतारावर अंगठ्याचे ठसे होते. रुंद, जरा डावीकडे कललेले. मुलांचे एवढे मोठे नसतात. घरी नानांचा चष्मा होता, कपाटभर पुस्तकं होती, त्यांतल्या समासांत त्यांचं अक्षर होतं. पण हाताचा असा दाब कशावरच उरलेला नव्हता. पावसाच्या आधी हे पक्कं व्हावं, एवढंच मला हवं होतं.

"सिमेंट बसलं का पन्नास वर्षं हालायचं नाही, ताई," मोतीलाल गवंडी घमेलं खाली ठेवत म्हणाला.

मुलं जमली होती. त्यांतली रुपली चौथीतली. पुढच्या वर्षी नकाशा तिच्या वर्गाचा.

"मंग आमी काय करसूत?" तिने अहिराणीत विचारलं.

"तुम्ही बघायचं," सर म्हणाले.

"देखाले खरा किल्ला शे ना."

मोतीलाल हसला. सरांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण त्यांनाही हसू येत होतं.

"सर, अजून पाणी ओतलंच नाही," पाचवीतला भटू मागून म्हणाला. "गुरुजी म्हणे, वाळू द्या. मग राहूनच गेलं."

"मग ओत आता."

रुपलीच तांब्या घेऊन आली. भटूने साक्रीच्या बाजूला, पांझरेच्या उगमाशी, हळूहळू पाणी सोडलं. पांझरा नीट निघाली, धुळ्यापर्यंत आली, पुढे किल्ल्याला धडकली आणि मागे पसरली.

"धुये बुडी गये," रुपली म्हणाली. सगळी मुलं हसली.

भटू हसला नाही. "आम्हीच म्हटलं होतं, आपला किल्ला मोठा करू. गुरुजीपण आमच्याबरोबर माती दाबत होते."

"त्यांना दिसलं नसेल का?" सर पुटपुटले.

"दिसलं असणार," मी म्हणाले.

"जाऊ द्या. मोतीलाल, सिमेंट भरताना किल्ल्यातून एक चर काढून दे. मिटलं."

"पांझरा किल्लामाईन जास का?" रुपलीने विचारलं.

"मग कुठून जाते?" मी मुलांना विचारलं. भटूने एकीकडे हात केला, दुसऱ्याने दुसरीकडे. सरांनी टाचेने माती उकरली. "आमच्या वेळी बुराई अडली होती," ते म्हणाले. "गुरुजींनी दिवसभर चालवलं होतं."

मी मोतीलालला म्हटलं, "भाऊ, आज राहू द्या."

"आज नाही तर मग कधी, ताई? पाऊस आला की काही उरायचं नाही."

"नको उरू दे."

हे शब्द माझ्या तोंडून निघाले खरे, पण मातीच्या किल्ल्याकडे बघायचं मी टाळलं.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेले नाही. सर आणि मी मुलांना घेऊन किल्ल्यावर गेलो. ऊन चढायच्या आत वर पोचलो. दूर उगवतीकडे पांझरेकाठच्या बाभळींची एक हिरवी रेघ वळण घेऊन तापीच्या दिशेला गेली होती. भटू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती आपल्याकडे येतच नाही."

परत आल्यावर तो विळा घेऊन नकाशापाशी बसला. "ताई, इथून कापावं लागेल."

त्याचं बोट त्या ठशांवर होतं.

"काप," मी म्हणाले.

मातीचा एक मोठा पापुद्रा निघाला. तो हातात धरून भटूने विचारलं, "हे कुठे टाकू?"

"सातपुडा ठेंगणा झालाय. तिकडे लाव."

त्याने माती ओली करून सातपुड्यावर लावली आणि अंगठ्याने नीट दाबली. रुपली तांब्या भरायला गेली.