दाबून धरलेली तार

माझं डोकं तसंही लवकर तापतं, त्या शनिवारी तर ते नुसतं उकळत होतं.

बाबा पियानो जुळवतात. चाळीस वर्षं तेच केलं, आणि आता कानांनी दगा दिला. वरचे सूर ऐकूच येईनात. सोमवारी सभागृहाचा पियानो जुळवायचा होता. "नाही जमलं तर हत्यारं शिष्याला देऊन टाकतो," म्हणाले. मी म्हटलं, अशी कशी द्याल! आवाजाच्या सॉफ्टवेअरला जोडायचं एक प्लगइन लिहायला घेतलं. माइकमधून आलेले वरचे सूर खाली उतरवून ते त्यांच्या हेडफोनमध्ये सोडणार. कोड विंडोजवर कंपाइल करायचा, म्हणजे त्याची चालणारी फाइल बनवायची, ती सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये टाकायची, की झालं.

झालं कसलं, डोंबल! पहिल्या खेपेला सूर उतरलेच नाहीत. कोड बदलला, पुन्हा कंपाइल केला, एकही चूक दिसेना, पण आवाज ढिम्म हलेना. तीन दिवसांत बावीस खेपा झाल्या. बाबांचं आपलं एकच, "तसंच आहे गं."

शेवटी त्यांनीच खुर्ची ओढली. "मला सांग, तू पिळतेयस तीच तार वाजतेय कशावरून?"

"म्हणजे?"

"एका सुराला तीन तारा. भलतीच खुंटी पिळत बसलो तर जन्मात फरक पडायचा नाही. शंका आली की हातातली तार नमद्याच्या, जाड लोकरी कापडाच्या तुकड्याने दाबायची. तरी आवाज तसाच, तर आपण दुसरीशीच झुंजतोय."

आधी हसू आलं, मग राहवेना. कोडमध्ये एकच ओळ घातली: काहीही आत येवो, बाहेर शांतता. कंपाइल केलं. फाइल टाकली. घरच्या पियानोची पट्टी दाबली.

बाबांच्या हेडफोनमध्ये ठणठणीत आवाज आला!

शोधलं तर काय, पहिल्या दिवशी मीच घाईघाईत ती फाइल आणखी एका फोल्डरमध्ये टाकली होती. सॉफ्टवेअर तीच जुनी प्रत उचलत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! ती उडवली, पुन्हा पट्टी दाबली.

"हेडफोनमध्ये आता काहीच येत नाही गं," बाबा म्हणाले.

"वा!" मी ओरडले. ती ओळ काढून पुन्हा कंपाइल केलं.

बाबांनी अगदी टोकाची पट्टी दाबली. पुन्हा दाबली. भुवया वर गेल्या.

"अगं, ही तर थरथरतेय. दोन तारांचं जमत नाहीये. कधीपासून?"

घरचा पियानो बेसूर झालाय हे घरात सगळ्यांना ऐकू येत होतं, सांगायची हिंमत कुणाचीच नव्हती.

"चार वर्षं झाली, बाबा."

"आणि तू रोज ऐकत होतीस?"

मला रडू आवरेना. त्यांनी डोक्यावर एक हलकी टपली मारली, पिशवीतून तारा पिळायची किल्ली काढली आणि हेडफोन नीट बसवला.

"सरक बाजूला. आधी घरचा, मग सभागृहाचा."