पाठ खरवडल्याचं निमित्त

मान आखडली म्हणून कुरकुरणाऱ्या सुनेला, चायह्वाला, आ-मुईबाईंनी स्टुलावर बसवलं, पाठीला तेल चोळलं आणि म्हशीच्या शिंगाची पट्टी ओढायला घेतली. ताइनानमधल्या त्यांच्या गल्लीत डोकं दुखो की पोट, आधी पाठ खरवडायची, मग बाकीचं. लाल वळ उठले की अंगातली उष्णता बाहेर पडली. चायह्वाची पाठ तर दोन फटकाऱ्यांतच जांभळीनिळी झाली.

"बघ, केवढी उष्णता! लपूनछपून तळलेलं खातेस ना?" आ-मुईबाई भलत्याच खूश झाल्या. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

चायह्वाने खोटंच "हो" म्हटलं. महिनाभर तिच्या दंडामांडीवर कुठेही न आपटता डाग उठत होते, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. ती घेत असलेल्या आकडीच्या गोळ्यांनी रक्तावर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. पण याच गोळ्यांमुळे बावीस महिने आकडी आली नव्हती. आणखी दोन महिने काढले की आकडीविना दोन वर्षं पुरी, डॉक्टरांचा दाखला आणि मग स्कूटरचं लायसन्स. गोळी बदलली नि आकडी आली तर पुन्हा पहिल्यापासून मोजणी! मोतीबिंदूवाल्या सासूच्या स्कूटरवर मागे बसून, जीव मुठीत धरून मासळीबाजार गाठण्याचा तिला वीट आला होता.

आठ दिवसांनीही वळ तसेच. आ-मुईबाईंनी पाठ बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे चार दिवसांत जायला हवं होतं. काय लपवतेयस?"

"काही नाही, आई."

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं पाठी खरवडतेय मी!"

मग चायह्वाने सगळं सांगितलं आणि रडायला लागली. "दोनच महिने, आई. डॉक्टरांना नका ना सांगू."

"खड्ड्यात गेलं तुझं लायसन्स! ऊठ, कपडे बदल."

डॉक्टर खांगनी रक्त तपासलं. प्लेटलेट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या.

"पाठ कुणी खरवडली?"

"मी." आ-मुईबाई खाली मान घालून म्हणाल्या.

"यापुढे अजिबात नाही. पण आज आलात ते बरं केलंत. पुढची तपासणी दोन महिन्यांनी होती, तोवर फार उशीर झाला असता." मग ते चायह्वाकडे वळले. "गोळी एकदम बंद करायची नाही. हळूहळू कमी करू, जोडीला दुसरी देऊ. आणि दाखला आकडी आली नाही म्हणून मिळतो, प्लेटलेट्स किती आहेत यावर नाही. आधी विचारायचं होतंस."

चायह्वाला हसावं की रडावं कळेना. आ-मुईबाईंना मात्र काय करायचं ते बरोबर कळलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला समजलं की आजार डॉक्टरांच्या आधी त्यांनी पकडला.

प्लेटलेट्स महिन्याभरात वर आल्या. दोन गोळ्यांची सांगड बसवायला मात्र वेळ लागला, त्यामुळे दाखलाही चार महिने उशिराच मिळाला. आकडी काही आली नाही.

लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच पहाटे आ-मुईबाई मागे बसल्या. "हळू! डावीकडे बघ! ब्रेक!" असं बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत चाललं आणि मग एकदम थांबलं. चायह्वाने घाबरून सिग्नलला मान वळवली. आकडी येईल या धास्तीने दोन-अडीच वर्षं सुनेवरची नजर न हटवणारी ती बाई तिच्या पाठीवर डोकं टेकून गाढ झोपली होती.