येऊ दे, येऊ दे

धनेशने सातवी क्लिप उघडली, आणि तिच्यातही बाबुरावांचं टक्कलच निघालं.

आधीच्या सहांमध्येही तेच होतं. सुरुवातीला काळं डांबर, मग ड्रोन उडवायला त्यावर अंथरलेली केशरी चटई, आणि चटईशेजारी उन्हात चकाकणारं एक गोल, तुळतुळीत टक्कल. ते हळूहळू लहान होत जायचं, आता काहीतरी दिसणार असं वाटायचं आणि नेमकी तिथेच क्लिप संपायची. पुढच्या क्लिपमध्ये उलटा प्रकार. लांबवर एक ठिपका, तो मोठा मोठा होत यायचा, आणि बघावं तर पुन्हा बाबुराव. या खेपेला मान वर करून.

"काय गो ताई," धनेशने खुर्ची गर्रकन फिरवली, "नदी कुठं हाय? पूल कुठं हाय? सगलीकडं तुझा सासराच हाय."

मृणालने त्याच्या हातून माउस ओढून घेतला आणि स्वतः बघायला लागली. आठवी, नववी, दहावी.

"अरे, पण मी पूल काढला होता! मोबाईलवर मला स्वच्छ दिसत होता. वर गेल्यावर लाल बटण दाबलं, पूर्ण फिरवून आणलं, मग परत बटण दाबलं आणि खाली उतरवलं. प्रत्येक वेळी. न चुकता."

धनेश डोकं खाजवू लागला. कोपरीत त्याच्या बापजाद्यांची मिठागरं होती, आता त्या जागी भाड्याचे गाळे होते, आणि हा पठ्ठ्या तळमजल्यावरच्या एका गाळ्यात बसून हळदीच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचा. पैशांसाठी नाही, हौसेसाठी. मृणालला ड्रोन उडवायला त्यानेच शिकवलं आणि आता एडिटिंगही तोच शिकवत होता. त्याचं शिकवणं म्हणजे तीन सेकंदांच्या वर शॉट ठेवायचा नाही, लोकं मोबाईल काढतात. आणि दोन शॉटच्या मध्ये काहीतरी उडालं पाहिजे. बदाम, फुलं, चांदण्या, काहीही.

"ताई," तो म्हणाला, "रागवू नको हां. तू नवीन हायस, रेकॉर्डिंग चालू कराचा विसरशील, म्हणून मीच एक सेटिंग मारून ठेवलेला. ड्रोन उडाला का रेकॉर्डिंग आपोआप चालू."

"म्हणजे मी वर जाऊन बटण दाबलं…"

"ता बंद झाला."

"आणि बंद करायला दाबलं…"

"चालू झाला." धनेशने दोन्ही हातांनी कान पकडले. "देवाशप्पथ, चांगल्यासाठीच केलेला गो!"

मृणालला हसावं की रडावं कळेना. दोन रविवार, तीन पूल आणि टिटवाळ्याच्या रस्त्यावरचं ते वळण, आणि हाती काय आलं, तर जाणं आणि येणं. मधलं सगळं हवेत विरून गेलं होतं. आज शुक्रवार होता आणि परवा रविवारी बाबुरावांना ऐंशी पूर्ण होत होती. पुन्हा जाऊन काढावं म्हटलं, तर कुठल्याशा बंदोबस्तामुळे शनिवार-रविवार ड्रोन उडवायला मनाई होती.

तिला परतताना राहून राहून मायाताईंचं बोलणं आठवत होतं. माया म्हणजे नवऱ्याची, प्रशांतची मोठी बहीण, मानपाड्याला राहायची, आणि जिभेला हाड नव्हतं. बोनसचे पैसे घालून मृणालने ड्रोन आणला, तेव्हा सगळ्या घरासमोर ती म्हणाली होती, "दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त बघते, आता आकाशात भिंगरी फिरवणार! हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच का गं?"

सगळे हसले. मृणालही हसली, पण कान तापले. आणि तेव्हाच कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबुराव बोलले होते. खोपटच्या डेपोतून निवृत्त झालेला हा एसटीचा ड्रायव्हर मुळात कमी बोलायचा. सुनेने केलेल्या कुठल्याही गोष्टीला त्यांचा एकच शेरा असायचा, "बरं आहे." मटणालाही बरं आहे, बढतीलाही बरं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मृणालकडे कधी काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः उठून घेत.

"त्यातून रायत्याचा पूल दिसेल का?" त्यांनी विचारलं होतं. "मुरबाडची गाडी त्या पुलावरून इतकी वर्षं काढली. प्रवासी खिडकीतून बघायचे, म्हणायचे, काय नदी आहे! मी नाही कधी पाहिली. डोळे पुढं."

"दाखवते बाबा," मृणाल तिथल्या तिथे म्हणाली होती. "तुमच्या वाढदिवसाला मोठ्या पडद्यावर दाखवते. सगळ्यांसमोर."

"बरं आहे. पण माझे फोटोबिटो नकोत. रस्ता दाखव."

आणि आता रस्ता नव्हता. टक्कल होतं.

घरी आली तेव्हा बाबुराव दारातच चप्पल पुसत होते.

"पूल नीट आला का?"

"आला बाबा."

"नदीला पाणी होतं?"

"होतं ना," मृणाल म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली. मागोमाग प्रशांत आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो आधी इतका हसला की ओट्याला धरून उभा राहिला. मग तिचा चेहरा बघून सावरला.

"अगं, सांगून टाक त्यांना. खातील का काय?"

"खाल्लं तर परवडेल रे. ते 'बरं आहे' म्हणतील. आणि परत कधी काही मागणार नाहीत."

प्रशांत गॅसकडे वळला. त्याने चहा टाकला.

शनिवारी लॅबमधून आल्यावर मृणालने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. एवढ्या क्लिपांमधून पुलाचे तुकडे मिळतात का, ते बघायचं होतं. मिळत होते. वर जाताना अगदी शेवटी-शेवटी, बाबुरावांचा ठिपका झाला की बाजूने पुलाचा कठडा आत यायचा, मग नदी, मग पलीकडचा काठ, आणि खटकन् क्लिप बंद. उतरतानाही तसंच. आधी नदी, मग पूल, मग ठिपका, मग बाबुराव. तिने टक्कल कापून नुसती नदी ठेवून पाहिली. नदी दिसायची तोवर संपायची. एकापुढे एक लावल्यावर तर डोळ्यांपुढे नुसती उघडझाप झाली. धनेशने शिकवलेले बदाम उडवून पाहिले. रायत्याच्या पुलावरून बदाम उडताना बघून तिचं तिलाच कसंतरी झालं.

मग तिने कापणं थांबवलं आणि एक क्लिप सबंध, पहिल्यापासून बघितली. गांधारीच्या पुलाशी ड्रोन उतरत होता. खाली बाबुराव मान वर करून उभे होते, आणि त्यांचा उजवा हात हलत होता. पंजा स्वतःकडे ओढत, हळूहळू, एका लयीत. तोंडही हलत होतं. ड्रोनच्या व्हिडिओला आवाज नसतो, पण मृणालला काही विचारायची गरज नव्हती. डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून करतो तोच हात. येऊ दे, येऊ दे. मग पंजा ताठ. बस्स.

तिने दुसरी क्लिप लावली. तोच हात. तिसरी, चौथी. प्रत्येक उतरण्याला ते तसेच उभे होते, वाऱ्याने शर्ट फुगलेला, उन्हाने डोळे बारीक झालेले, आणि हात चालू. गाडी एकटी पाठवायची नसते, असं म्हणून ते दोन्ही रविवार तिच्यासोबत आले होते. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा विश्वास नाही. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिने यातलं काही पाहिलं नव्हतं. तिची नजर मोबाईलवर, बॅटरी किती, उंची किती.

तिने सगळ्या क्लिपा पुन्हा ओळीने मांडल्या. मग तिने रायत्याचं वर जाणं घेतलं, बाबुराव लहान होत होत ठिपका झाले, नदी आली, आणि जिथे क्लिप संपत होती तिथेच पुढे गांधारीचं उतरणं जोडलं. नदीला नदी लागली. एका पुलावर वर गेलेले बाबुराव दुसऱ्या पुलावर उतरले. मृणालने टेबलावर थाप मारली.

"काय झालं?" आतून प्रशांत ओरडला.

"एसटीचा थांबा लागला रे!"

मग काय, तिला ब्रह्मानंदी टाळी लागली. गांधारीहून उठायचं, टिटवाळ्याच्या वळणावर उतरायचं, तिथून उठायचं, पुढच्या पुलावर. मध्ये बदाम नाही, चांदण्या नाहीत. प्रत्येक थांब्याचं नाव तेवढं एसटीच्या पाटीसारखं, ठळक लिहिलं. संगीत लावायला गेली आणि काढून टाकलं. या हाताला हळदीतला बँजो शोभेना.

रविवारी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि धनेशने स्वतःचा प्रोजेक्टर आणून पांढरा पडदा ताणला. प्रायश्चित्त म्हणून खुर्च्याही त्यानेच लावल्या. पहिल्या रांगेत बाबुराव इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी त्यांचे जुने कंडक्टर गुणाजी. दोघांनी कितीतरी वर्षं एकाच गाडीवर काढली होती, आणि अजूनही गुणाजी थोडे मागेच बसायचे.

दिवे गेले. पडद्यावर डांबर आलं, केशरी चटई आली, आणि हॉलभर मोठं, लखलखीत टक्कल उगवलं.

हॉल फुटला. मायाताईंचं हसू सगळ्यांच्या वर होतं. "अगं मृणाल, हा रस्ता का चंद्र?"

मृणालने मान खाली घातली. बाबुरावांची पाठ ताठ झालेली तिला मागून दिसली. फोटोबिटो नकोत, म्हणाले होते. तिला वाटलं, आता उठतात. उठले नाहीत. टक्कल लहान होत गेलं, माणूस दिसला, मग रस्ता, मग कठडा. हसणं ओसरत गेलं. आणि मग नदी आली. हिरवी, रुंद, मध्ये खडकांना वळसा घालून जाणारी, वर पुलाची सरळ रेघ आणि त्या रेघेच्या टोकाशी एक ठिपका.

"रायता," बाबुराव हळूच म्हणाले.

नदीतून नदी निघाली, ठिपका मोठा होऊ लागला, गांधारीची पाटी आली. मान वर करून उभे असलेले बाबुराव दिसले आणि त्यांचा हलणारा पंजा. मग गुणाजी खुर्चीतून अर्धे उठले आणि मागे गाडीच लागली असावी अशा आवाजात ओरडले, "येऊ दे! येऊ दे! येऊ दे!"

झालं. टिटवाळ्याच्या वळणाला मागच्या दोन रांगा ओरडल्या, पुढच्या पुलाला सबंध हॉल. पोरं, बायका, धनेश, कोण कोण. मायाताई तर उभ्या राहून हात हलवत होत्या. "येऊ दे, येऊ दे, बस्स!" आवाज नसलेल्या फिल्मला एवढा आवाज मिळाला की बाहेरचे लोक दारात येऊन उभे राहिले.

"पण बाबुराव," त्या गलक्यात गुणाजी तक्रारीच्या सुरात म्हणाले, "हे माझं काम होतं की रे. तू ड्रायव्हर. तू कधीपासून हात दाखवायला लागलास?"

बाबुरावांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "ड्रायव्हर ती होती," ते म्हणाले. "मग कंडक्टरकी कोण करणार?"

मृणालने ऐकलं. लॅपटॉपवरची तिची बोटं तशीच राहिली.

शेवटचा थांबा आला, पंजा ताठ झाला, पडदा काळा झाला. टाळ्या पडल्या. धनेशने दिवा लावला. बाबुराव मात्र वळले नाहीत.

"बाबा," मृणाल पुढे आली, "नदी थोडीच आली. माझी चूक झाली, मी बटण…"

"बेल कुणी मारली?"

"काय?"

"गाडी थांबली ना. बेल कुणी मारली?"

कुणाला काही कळेना. सगळे एकमेकांकडे बघू लागले. गुणाजींच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू हसू पसरलं. त्यांनी खिरीची रिकामी वाटी उचलली आणि चमचा तिच्यावर दोनदा वाजवला. टण टण.

"डबल," ते मृणालला म्हणाले. "एक बेल थांबायला, दोन निघायला. चल, काढ गाडी."

धनेशने दिवा घालवला. मृणालने फिल्म पहिल्यापासून लावली, पण या खेपेला ती पडद्याकडे बघत नव्हती. ती बाबुरावांच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. रायता गेलं. गांधारीची पाटी आली, तसा बाबुरावांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि अंधारात पंजा हलू लागला, स्वतःकडे, हळूहळू.